स्पाइक निवडण्याआधी झाड बघा

झाडावर चढण्यासाठी बुटाला बांधायचे पोलादी स्पाइक घ्यायचे ठरले की पहिली चौकशी होते ती कंपनीची आणि किमतीची. हलके कोणते, टिकाऊ कोणते, पोटरीला न काचणारे कोणते, हे प्रश्न रास्त आहेत आणि या पुस्तिकेच्या पुढच्या पानांत त्यांची उत्तरे मिळतील. पण माझ्या मते ते सगळे दुसऱ्या क्रमांकाचे प्रश्न आहेत. पहिला प्रश्न झाडाचा आहे. काम संपल्यावर हे झाड उभे राहणार आहे, की जमिनीवर येणार आहे? उभे राहणार असेल तर निवड तिथेच संपली. स्पाइक गाडीतच राहू द्यावेत. झाड उतरवायचेच असेल, तर मग काट्याची लांबी, दांड्याचा धातू, पट्ट्यांची रचना या गोष्टींना अर्थ येतो. हा क्रम उलटा झाला की महागातले महाग स्पाइकसुद्धा चुकीचे ठरतात.

ज्यांनी ही वस्तू जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. पोटरीच्या आतल्या बाजूने गुडघ्याखालपर्यंत येणारा एक सपाट दांडा असतो. तो खाली वळून बुटाच्या तळव्याखाली, टाचेच्या जरा पुढे, रिकीब होऊन जातो. घोट्याच्या आतल्या अंगाला खाली तिरका रोखलेला काटा असतो. गुडघ्याखाली एक गादी आणि पट्टा, घोट्यापाशी दुसरा पट्टा. चढणारा कमरेचा दोर खोडाभोवती टाकतो, एक काटा खोडात रोवून त्यावर उभा राहतो, दोर वर सरकवतो, मग दुसरा पाय. अंगाचे सगळे वजन या दोन टोकांवर असते. पाऊलभर अंतरावर एक, असे एक-एक भोक पाडत माणूस वर जातो आणि तशीच भोके पाडत खाली येतो.

हे हत्यार झाडांची निगा राखणाऱ्यांनी घडवलेले नाही. तारांच्या लाकडी खांबांवर चढणारे लाइनमन आणि जंगलतोड करणारे लाकूडतोडे, या दोघांच्या कामांतून ते आले. अमेरिकेच्या वायव्येकडच्या वॉशिंग्टन आणि ओरेगन राज्यांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डग्लस फरची अफाट जंगले तोडली जात होती, तेव्हा ओंडके वाफेच्या यंत्रांनी ओढून काढत. त्यासाठी एखादे उंच, सरळसोट झाड निवडायचे, त्याच्या फांद्या साफ करून शेंडा उडवायचा आणि त्या उघड्या खोडाला कप्प्या व तारा बांधून वरून ओढकाम चालवायचे. शेंडा उडवायला एकच माणूस स्पाइक लावून, कुऱ्हाड-करवत कमरेला अडकवून दीडशे-दोनशे फूट वर जाई. शेंडा तुटून पडताना खाली उरलेले खोड जोरात झोके खाई आणि हा माणूस त्याला बिलगून राही. चुकून कुऱ्हाडीचा घाव कमरेच्या दोरावर बसला तर मृत्यू ठरलेला, म्हणून त्या दोराच्या पोटात पोलादी तार घालत. आजही झाड उतरवणाऱ्यांसाठी असा पोलादी गाभ्याचा कमरदोर मिळतो, तो त्याच धास्तीची आठवण आहे. त्या माणसांच्या हिमतीबद्दल मला मनापासून आदर आहे. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. तारेचा खांब आधीच मेलेला होता आणि त्या फरच्या झाडाचे मरण ठरलेले होते. काट्याच्या भोकांनी खोडाचे काय होते, हा प्रश्न या दोघांपुढे कधी आलाच नाही. तो आपल्यापुढे आहे, कारण आपण हेच हत्यार रस्त्याकडेच्या आणि अंगणातल्या जिवंत झाडांवर नेतो आहोत.

जिवंत झाडाला काटा लागतो म्हणजे काय होते? बाहेरच्या मेलेल्या सालीखाली पाने तयार करतात ते अन्न वाहून नेणारा थर असतो, त्याच्या आत कॅम्बियम नावाचा अगदी पातळ, सतत वाढणारा थर आणि त्याच्या आत पाणी वाहणारे लाकूड. झाडाची जाडी वाढते ती या कॅम्बियममुळे. काटा या सगळ्यांतून आरपार जातो. झाड ही जखम माणसाच्या कातडीप्रमाणे भरून काढत नाही. बिघडलेला भाग ते चारी बाजूंनी कोंडून टाकते आणि त्याच्या बाहेरून नवे लाकूड वाढवते. आतला बिघाड तसाच कायम राहतो. हे आपल्याला कळले ते अमेरिकेच्या वनसेवेतल्या अ‍ॅलेक्स शायगो यांच्या कामातून. लाकूड नेहमी आडवे कापून पाहण्याची रीत होती. शायगोंनी यांत्रिक करवतीने असंख्य खोडे उभी चिरली, आणि जखमेपासून वर-खाली पसरत गेलेले रंग बदललेले, कुजके पट्टे त्यांना दिसले. झाडाच्या या कोंडण्याच्या पद्धतीचे त्यांचे विवेचन १९७७ साली प्रसिद्ध झाले. त्यातला आपल्या कामाचा मुद्दा असा की झाडाने उभारलेल्या तटबंदीतला सर्वांत कमकुवत तट वर-खालच्या दिशेचा असतो. आता चढणाऱ्याची भोके आठवा. ती एकाखाली एक, फूट-दीड फुटाच्या अंतराने पडतात. प्रत्येक भोकाचा पट्टा वर-खाली सरकत गेला तर ते एकमेकांना मिळायला वेळ लागत नाही. बाहेरून पाहावे तर खोडावर बारीक काळसर ठिपके, फार तर थोडा डिंक. आत काय झाले ते झाड वादळात मोडल्यावर कळते.

आपल्याकडे यात वेळेची भर पडते. शहरांतली छाटणी एप्रिल-मेमध्ये उरकायची घाई असते, म्हणजे ताज्या जखमांवर लगेच चार महिन्यांचा पाऊस. बुरशीला याहून सोयीचे दिवस नाहीत. शिवाय रोगट झाडाचा रस लागलेला काटा न पुसता दुसऱ्या झाडात गेला तर रोगही त्याच्याबरोबर जातो. छाटणीची हत्यारे स्पिरिटने पुसण्याची सवय काही बागकामगारांत आता दिसते. पायातल्या काट्याकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही.

यावर दुमत फारसे उरलेले नाही. अमेरिकेत झाडांच्या निगेचे ए३०० नावाचे मानक १९९५ पासून आहे. छाटणीसाठी चढताना स्पाइक वापरू नयेत असे ते सांगते आणि अपवाद मोजकेच ठेवते: फांद्या इतक्या दूर आहेत की दोर फेकून पोहोचवता येत नाही आणि दुसरा मार्ग नाही, साल इतकी जाड आहे की काटा जिवंत थरापर्यंत जात नाही, किंवा वस्तीपासून दूर, वीजवाहिन्यांखालच्या पट्ट्यातले काम आहे. वर एखादा माणूस जखमी होऊन अडकला असेल, तर सालीचा विचार करत बसू नये हे वेगळे सांगायला नको. महाराष्ट्रात नागरी भागांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा आहे. त्यात झाड पाडणे याची व्याख्या केवळ बुंध्यावर करवत चालवण्यापुरती ठेवलेली नाही. जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणे तिच्यात येते. माझ्या वाचनाप्रमाणे राहणाऱ्या झाडाच्या खोडात काट्यांची माळ रोवणे ही इजाच आहे. छाटणीची परवानगी घेतली म्हणून त्या इजेचीही परवानगी मिळाली असे कंत्राटदाराने धरून चालू नये.

माडाबद्दल स्वतंत्रपणे आणि जरा विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण कोकणात आणि गोव्यात स्पाइकची चौकशी होते ती बहुतेक वेळा माडासाठी. माणसे मिळत नाहीत हे दुखणे खरे आहे. नारळ पाडणारे पाडेली म्हातारे झाले, त्यांची मुले मुंबईला किंवा आखातात गेली, आणि नारळ शेंड्यावर सुकून खाली पडू लागले. अशा वेळी परदेशी चित्रफितीत कुणी काटे लावून सरसर चढताना दिसला की बागायतदाराला वाटते, हेच हवे. पण माड ही एकदल वनस्पती आहे. तिच्या खोडात कॅम्बियम नसते. आंबा-वड निदान जखमेवरून नवे लाकूड चढवतात. माडाला तेही जमत नाही. पडलेले भोक तो आयुष्यभर बाळगतो.

हिशेब करून बघा. दीड-दोन महिन्यांनी एकदा पाडप धरली तर वर्षाला सहा ते आठ चढण्या होतात. पन्नास फुटांच्या माडावर जाऊन-येऊन शंभराच्या आसपास भोके, म्हणजे वर्षाला सहाशे ते आठशे. आणि माड साठ वर्षे सहज उत्पन्न देतो. अशा खोडातून तांबूस-तपकिरी रस झिरपण्याचा रोग जखमांवाटेच शिरतो. सोंड्या भुंग्याची मादी अंडी घालायला ताज्या जखमांच्या वासावर येते, आणि तिच्या अळ्या आतून खोड पोखरतात तेव्हा बाहेरून काही दिसत नाही. शेंडा कलला की उशीर झालेला असतो. माडाला खाचा पाडून चढण्याची जुनी रीत अनेक ठिकाणी आहे, मग काट्यानेच काय बिघडते, असे विचारले जाते. खाचही जखमच आहे. पण ती एकदा पाडली की वर्षानुवर्षे त्याच खाचांत पाय ठेवून चढतात. काटा दर चढणीला नवी भोके पाडतो. आणि पायात सुंभाची कडी अडकवून, तळव्यांनी खोड धरून चढणारा कसबी पाडेली तर माडाला ओरखडाही काढत नाही. ज्या कामाची आपण कधी धड मजुरी दिली नाही, ते काम झाडाच्या दृष्टीने सर्वांत निर्दोष होते.

पाडेली नसेल तर माडासाठी योग्य साधन स्पाइक नव्हे, चढणयंत्र आहे. केरळच्या कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरीचे शेतकरी एम. जे. जोसेफ ऊर्फ अप्पचन यांनी बनवलेल्या यंत्रात दोन चौकटी आणि प्रत्येकीला पोलादी तारेचा एक फास असतो. चौकटीवर पाय ठेवून वजन टाकले की फास खोडाला आवळतो, पाय उचलला की सैल होतो. खोडात काहीच रुतत नाही. नारळ विकास मंडळाने २०११ पासून तरुण-तरुणींना याच धर्तीच्या यंत्रांवर प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली, आणि ज्या कामाकडे बायकांनी बघायचेही नाही असे मानत, ते काम अनेक बायका करू लागल्या. यंत्रावरून पडण्याचा धोका असतोच, म्हणून कासरगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेने त्याला सुरक्षेची जोड तयार केली. बागायतदाराने यंत्र घेताना ती जोड आणि पट्टा यांचे पैसे वाचवू नयेत. माडाचा विषय मी इथे संपवतो: माड तोडायचा असेल त्या दिवसाखेरीज स्पाइकला माडावर काम नाही. हेच सुपारी, ताड आणि शोभेच्या सगळ्या पामांना लागू आहे.

आता उतरवायच्या झाडाकडे येऊ. इथे स्पाइक योग्य आहेत, आणि इथे चुकीची निवड माणसाच्या जिवावर येते.

काटे दोन जातींचे. खांबाचे आखूड आणि झाडाचे लांब. अमेरिकेत वीज कामगारांच्या सुरक्षा नियमांना जोडलेल्या मार्गदर्शनात खांबाचा काटा खालच्या बाजूने मोजून ३२ मिलिमीटरपेक्षा आणि झाडाचा ५१ मिलिमीटरपेक्षा आखूड नसावा असे म्हटले आहे. नवा घेताना दोन्ही याहून लांब असतात आणि धार लावता लावता झिजतात. लांब तो चांगला असा समज आपल्याकडे आहे, तो खोटा आहे. लांबी ठरते सालीवरून. जुना पर्जन्यवृक्ष किंवा जुनी बाभूळ यांची साल जाड आणि भेगाळ असते. आखूड काटा तिच्यातच अडकतो, लाकडापर्यंत पोहोचतच नाही, आणि वजन आले की सालीचा तुकडाच निखळतो. तिथे लांब काटा हवा. उलट निलगिरी, सुबाभूळ, गुलमोहर यांची साल पातळ. तिथे लांब काटा पूर्ण आत जात नाही, पाऊल खोडापासून दूर राहते, घोट्यावर ताण येतो आणि उभे राहणे डळमळते. दोन्ही प्रकारची झाडे नेहमी उतरवावी लागत असतील तर काटा बदलता येईल अशी जोडी घ्यावी. मी स्वतः कोणालाही पहिली खरेदी सांगताना हेच सांगतो, कारण काटा झिजल्यावर अख्खी जोडी टाकावी लागत नाही.

दांडा पोलादी, अ‍ॅल्युमिनियमचा, टायटॅनियमचा किंवा कार्बन फायबरचा असतो. वजन आणि किंमत यांचा तो सौदा आहे, आणि त्यावर फार काळ घालवण्यात अर्थ नाही. गादीवर मात्र काळ घालवा. दिवसभर पोटरीवर दाब येणार आहे. गादी अरुंद आणि कडक असेल तर दुपारनंतर माणूस पाय नीट टाकेनासा होतो आणि अपघात तेव्हाच होतात. दांड्याची उंची बूट घालूनच बसवून बघा. वरचे टोक गुडघ्याच्या आतल्या हाडाच्या किंचित खाली यावे. उंच झाले तर हाडाला टोचते, बुटके झाले तर पोटरीवर फिरते. बुटाचा तळ ताठ हवा आणि टाच स्पष्ट हवी. कॅनव्हासच्या बुटावर किंवा सपाट तळव्याच्या बुटावर स्पाइक बांधणे हा जिवाशी खेळ आहे, आणि तो रोज पाहायला मिळतो.

धार कानशीने, हाताने लावायची. ग्राइंडरवर काटा धरला की तो तापतो, पोलादाचे पाणी उतरते आणि नरम झालेले टोक पुढच्याच चढणीला वाकते. कंपन्या काट्याची लांबी, रुंदी, जाडी तपासायची पट्टी देतात. ती हरवू देऊ नका. काटा खोडातून सुटण्याची कारणे बहुधा तीनच: बोथट टोक, चुकीची लांबी आणि खोडाला गुडघे टेकवून चढण्याची खोड. भीती वाटली की माणूस झाडाला मिठी मारतो, गुडघे जवळ येतात, काट्याचा कोन बदलतो आणि तो सुटतो. गुडघे दूर ठेवून, कमरेच्या दोरावर भार देऊन उभे राहायला शिकणे हे जमिनीपासून हातभर उंचीवरचे काम आहे. ते पक्के होईपर्यंत वर जाऊ नये.

स्पाइक म्हणजे सुरक्षा नव्हे, हे वाक्य मला या पुस्तिकेच्या प्रत्येक पानावर छापलेले आवडले असते. काटे पायाला आधार देतात. पडणाऱ्याला धरतो तो दोर. एकटा कमरदोरही पुरेसा नाही. काटा सुटला तर कमरदोर खोडावरून घसरत खाली येतो, आणि करवतीने हात कापला तर त्याच्यावरून झटपट उतरताही येत नाही. म्हणून कमरदोराबरोबर दुसरा, स्वतंत्र चढणदोर हवाच, ज्यावरून जखमी माणूसही जमिनीवर येऊ शकेल किंवा आणता येईल. हार्नेस आय. एस. ३५२१ मानकाचा असावा. ज्यांनी सह्याद्रीत सुळके चढले आहेत त्यांना दोर, गाठी, कॅराबिनर यांची भाषा येते. त्यांनी या क्षेत्रातल्या कामगारांना शिकवायला पुढे यावे असे मला फार वाटते. आपल्या शहरांत अजूनही अनवाणी माणूस, कमरेला सुती दोरी आणि हातात कोयता, असे काम चालते आणि ती माणसे पडतात.

एक धोका वेगळा नोंदवतो. मेलेल्या झाडाला जखमेची काय भीती, म्हणून तिथे स्पाइक निर्धास्त, असा तर्क केला जातो. झाडाच्या बाजूने तो बरोबर आहे, माणसाच्या बाजूने नाही. मुंबईत पिठ्या ढेकणाने वठलेले पर्जन्यवृक्ष अनेकांनी पाहिले असतील. वठल्यावर साल लाकडापासून सुटते, काटा तिच्यासकट निसटतो. लाकूड आतून किती शिल्लक आहे हे बाहेरून सांगता येत नाही, आणि ज्या खोडाला दोर बांधायचा तेच मोडले तर दोराचा उपयोग काय? खूप दिवस वठून उभे असलेल्या झाडावर कोणत्याही साधनाने चढू नये. तिथे बकेट असलेली गाडी किंवा क्रेन मागवावी, आणि ती येत नसेल तर काम थांबवावे.

राहणाऱ्या झाडासाठी पर्याय काय, हे पुस्तिकेच्या शेवटच्या भागात आले आहे: वजनाची छोटी पिशवी बांधलेली पातळ दोरी फांदीच्या बेचक्यातून टाकणे, तिच्यामागून जाड दोर ओढून घेणे, दोर सालीवर घासू नये म्हणून मध्ये पट्टा बसवणे. हे शिकायला वेळ लागतो आणि सुरुवातीला स्पाइकपेक्षा दुप्पट वेळ जातो. तो वेळ कामगाराच्या खिशातून जाऊ नये.

म्हणून माझे शेवटचे सांगणे चढणाऱ्यांपेक्षा काम देणाऱ्यांना आहे. सोसायट्यांचे सचिव, बागायतदार, नगरपालिकांचे उद्यान अधिकारी यांनी छाटणीच्या कार्यादेशात तीन गोष्टी लिहाव्यात: राहणाऱ्या झाडावर स्पाइक वापरायचे नाहीत, चढणाऱ्याला दोन दोर आणि हार्नेस असेल, आणि त्यासाठी लागणाऱ्या जादा वेळाचे पैसे दिले जातील. येत्या एप्रिलच्या निविदांपासूनच ही सुरुवात करा.